उपयुक्तता आणि विश्वासार्हता : गूगल बुक्सच्या निमित्ताने

१

सत्ता आणि ज्ञान यांच्या परस्परसंबंधांची चर्चा मराठी समीक्षेने गेल्या काही दशकांत पुष्कळ केली आहे. फूको, ग्राम्शी, सईद ही नावे आपल्या प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात जवळजवळ नियमाने येतात. परंतु ज्या साधनाच्या आधारे ही नावे तेथपर्यंत पोचतात त्या साधनाची मालकी कोणाकडे आहे, त्याच्या नोंदी कोण करतो, त्या चुकल्या तर जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न त्याच प्रबंधांच्या शेवटच्या प्रकरणापर्यंत कोठेही उपस्थित होत नाहीत. सत्ताविमर्श करणारा अभ्यासक शोधयंत्राच्या चौकटीत शब्द टाकतो आणि समोर येईल ते पुरावा म्हणून उचलतो. ही विसंगती केवळ निष्काळजीपणाची नाही. तिच्यामागे एक वैचारिक गोंधळ आहे आणि प्रस्तुत लेखाचा रोख त्या गोंधळाकडे आहे.

वर्चस्व असलेल्या तंत्रज्ञान-कंपन्यांविषयी आपल्याकडे दोन भूमिका रूढ आहेत. पहिली भूमिका स्वागताची : या कंपन्यांनी ज्ञानाचे लोकशाहीकरण केले, आटपाडीच्या विद्यार्थ्याला ऑक्सफर्डचे ग्रंथालय उघडे केले. दुसरी भूमिका निषेधाची : हे सारे जागतिक भांडवलाचे नवे रूप असून त्याच्यापासून सावध राहिले पाहिजे. या दोन्ही भूमिका परस्परविरोधी भासल्या तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. दोघीही साधनाचे मूल्य आणि साधनाची विश्वासार्हता यांना एकाच मापाने मोजतात. स्वागत करणारा म्हणतो, साधन मोलाचे आहे, म्हणून भरवशाचे आहे. निषेध करणारा म्हणतो, ते भरवशाचे नाही, म्हणून त्याचे मोल खोटे आहे. आणि एवढे म्हणून झाल्यावर तोही तेच साधन वापरतो. मूल्य व विश्वासार्हता या दोन स्वतंत्र कोटी आहेत. एखादी गोष्ट अत्यंत उपयुक्त असूनही अजिबात विश्वासार्ह नसू शकते, आणि साहित्याच्या अभ्यासकाला ही गोष्ट दुसऱ्या कोणी शिकवावी अशी वेळ येऊ नये.

आपल्या परंपरेत विश्वासार्हतेचा विचार पुरेशा काटेकोरपणे झालेला आहे. न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले, पण कोणाचाही शब्द प्रमाण मानला नाही. ज्याचे वचन प्रमाण मानायचे त्या आप्ताविषयी नैयायिकांनी दोन अटी घातल्या : त्याला त्या वस्तूचे साक्षात ज्ञान असले पाहिजे, आणि जसे जाणले तसेच सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे. या दोन अटी कंपनीला लावून पाहाव्यात. दुसऱ्या अटीविषयी तर संस्थापकांचीच साक्ष उपलब्ध आहे. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना आपल्या शोधयंत्राविषयी जो निबंध लिहिला, त्यात जाहिरातींच्या पैशावर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि वाचकाच्या गरजांपासून दूर जाईल, असे त्यांनी स्वच्छ नोंदविले होते. पुढे त्यांची कंपनी मुख्यतः जाहिरातींच्याच उत्पन्नावर उभी राहिली. यात त्यांचा दांभिकपणा दाखविण्याचा हेतू नाही. आप्तत्वाची दुसरी अट येथे पूर्ण होत नाही, हे त्यांना ठाऊक होते आणि आपण विसरलो, एवढेच म्हणायचे आहे.

२

चर्चा मोघम राहू नये म्हणून एकच उदाहरण घेऊ. ते आपल्या व्यवसायाच्या अगदी जवळचे आहे. डिसेंबर २००४ मध्ये गूगलने हार्वर्ड, स्टॅनफर्ड, मिशिगन व ऑक्सफर्ड ही विद्यापीठे आणि न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालय यांच्या संग्रहांतील पुस्तके स्कॅन करण्याचा प्रकल्प जाहीर केला. प्रताधिकाराखालील पुस्तकेही परवानगीवाचून स्कॅन होऊ लागली, तेव्हा २००५ मध्ये अमेरिकेतील ऑथर्स गिल्ड ही लेखकसंघटना आणि काही मोठे प्रकाशक न्यायालयात गेले. २००८ मध्ये साडेबारा कोटी डॉलरची तडजोड ठरली. ती तशीच मान्य झाली असती तर बेवारस पुस्तके, म्हणजे ज्यांचे हक्कदार सापडत नाहीत अशी पुस्तके, विकण्याचा व्यवहारतः एकाधिकार एका कंपनीकडे गेला असता. न्या. डेनी चिन यांनी मार्च २०११ मध्ये ती फेटाळली. मात्र नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांनीच मूळ खटल्यात कंपनीच्या बाजूने निकाल दिला : पुस्तकाचा शोध घेता येणे आणि त्यातील चार-दोन ओळींचा तुकडा दिसणे हा पुस्तकाचा रूपांतरित, म्हणून न्याय्य, वापर होय. ऑक्टोबर २०१५ मध्ये अपील न्यायालयाने, न्या. पिएर लव्हाल यांच्या निकालपत्राद्वारे, हे मत कायम केले आणि एप्रिल २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

कंपनीच्या २०१९ मधील निवेदनानुसार चारशेहून अधिक भाषांतील चार कोटींवर पुस्तके या प्रकल्पात आली होती. याचे मूल्य नाकारणे हा खोटेपणा ठरेल. एखाद्या शब्दप्रयोगाचा सर्वांत जुना आढळ, एखाद्या अवतरणाचे मूळ, एखाद्या विस्मृत अनुवादाची नोंद या गोष्टी शोधण्यात पूर्वी अभ्यासकाची वर्षे जात. आज त्या एका बैठकीत हाती लागतात. हे मूल्य खरे आहे. प्रश्न पुढचा आहे. न्यायालयाने जे ठरविले ते इतकेच की हा वापर कायदेशीर आहे. तेथील नोंदी बरोबर आहेत, तेथील आकडे प्रमाण मानावेत, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. त्याच्यापुढे तो प्रश्नच नव्हता. तरीही आपल्या ज्ञानव्यवहारात खटला जिंकणे हा जणू पुराव्याच्या शुद्धतेचा दाखला मानला गेला.

३

आता पुराव्याच्या शुद्धतेकडे वळू. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री नुनबर्ग यांनी २००९ मध्ये या संग्रहातील ग्रंथनोंदींची तपासणी प्रसिद्ध केली. तिच्यातून असे दिसले की १८९९ हे वर्ष जणू जागतिक साहित्यातील चमत्काराचे वर्ष होते. आंद्रे मालरो यांची १९३३ ची कादंबरी त्या वर्षी निघाली होती. आणि १९२१ मध्ये जन्मलेल्या रेमंड विल्यम्स यांचा ‘कल्चर अँड सोसायटी’ हा १९५८ चा ग्रंथही त्याच वर्षी निघाला होता. विषयवारीची स्थितीही याहून बरी नव्हती, कारण पुस्तकविक्रेत्यांच्या दुकानातील मांडणीसाठी बनविलेले वर्ग अभिजात ग्रंथांना लावलेले होते. कंपनीच्या वतीने उत्तर आले, आणि ते प्रामाणिक होते : चुका लाखोंनी आहेत, त्यांतील अनेक बाहेरून घेतलेल्या नोंदींबरोबर आल्या आहेत, १८९९ ची साथ ब्राझीलमधील एका नोंद-पुरवठादाराकडून आली आहे. पुष्कळ चुका पुढे दुरुस्तही झाल्या.

येथे कोणी म्हणेल, मग तक्रार कशाची? चूक कोणत्या ग्रंथालयात होत नाही? तक्रार चुकीची नाहीच. तक्रार ही आहे की त्या चुका एका जाणत्या अभ्यासकाने बाहेरून, योगायोगाने आणि विनोदाच्या अंगाने उघड केल्या, तेव्हा त्या दिसल्या. नोंद कोठून आली, तिच्यावर किती भरवसा ठेवावा, ती केव्हा बदलली, हे नोंदीपाशी कोठेही लिहिलेले नव्हते. १८९९ हा आकडा आणि १९५८ हा आकडा पडद्यावर सारख्याच आत्मविश्वासाने उमटतात.

हाच आत्मविश्वास इतरत्रही आढळतो. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगातील एकूण पुस्तकांची संख्या जाहीर केली : १२ कोटी ९८ लाख ६४ हजार ८८०. मानवजातीने छापलेल्या पुस्तकांची गणती एककापर्यंत! पुस्तक म्हणजे काय, आवृत्ती म्हणजे काय, एकाच वेष्टनात बांधलेल्या चार पुस्तिका एक की चार, या प्रश्नांवर ग्रंथसूचिशास्त्राने शतकभर डोके फोडले आहे. त्या साऱ्या अनिश्चिततेचा लोप शेवटच्या ८८० मध्ये झाला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात एनग्रॅम हे साधन आले आणि त्याबरोबर ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध. सुमारे पन्नास लाख पुस्तकांतील, म्हणजे निबंधकारांच्या अंदाजाने आजवर छापलेल्या सर्व पुस्तकांच्या ४ टक्क्यांतील, शब्दांच्या वारंवारितेवरून संस्कृतीचा आलेख काढण्याची ही नवी विद्या. तिला ‘कल्चरॉमिक्स’ असे नावही मिळाले. जुन्या इंग्रजी छपाईतील लांब ‘एस’ हे अक्षर यंत्राने ‘एफ’ म्हणून वाचल्यामुळे अठराव्या शतकातील शब्दांचे काय झाले, हे पुढे सर्वांनी पाहिले. २०१५ मध्ये पेचेनिक, डॅनफर्थ आणि डॉड्स या तीन संशोधकांनी याहून मूलगामी उणीव दाखवून दिली : विसाव्या शतकातील इंग्रजी संग्रहात शास्त्रीय व तांत्रिक पुस्तकांचे प्रमाण वाढत जाते, त्यामुळे ज्याला आपण संस्कृतीतील बदल समजतो तो पुष्कळदा ग्रंथालयांच्या खरेदीतील बदल असतो. शिवाय ज्या पुस्तकांवरून हा आलेख निघतो त्यांची यादी प्रताधिकाराच्या कारणाने प्रसिद्ध झालेली नाही. म्हणजे संहिता अदृश्य, निवड अदृश्य, आणि निष्कर्ष मात्र सुबक वक्ररेषेत समोर.

मोजणीला माझा विरोध आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. दूरवाचनाचा पुरस्कार करणाऱ्या फ्रँको मोरेटी यांनी १७४० ते १८५० या काळातील सात हजार ब्रिटिश कादंबऱ्यांच्या शीर्षकांचा जो अभ्यास २००९ मध्ये केला, त्याच्या निष्कर्षांशी वाद घालता येतो, कारण ती शीर्षके प्रसिद्ध ग्रंथसूचींत आहेत आणि हवी त्याने ती उघडून पाहावीत. वाद घालता येणे हीच येथे निर्णायक गोष्ट आहे.

४

विश्वासार्हता कशी कमावली जाते याचे उत्तर शोधण्यासाठी मराठी अभ्यासकाला दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर बेलवलकर आणि वैद्य यांनी ती धुरा वाहिली आणि १९६६ मध्ये मूळ संहितेचे काम पूर्ण झाले. निरनिराळ्या लिप्यांतील १,२५९ हस्तलिखिते या कामासाठी तपासण्यात आली.

या आवृत्तीचे कोणतेही पान उघडावे. वर स्वीकृत पाठ, खाली पाठभेद. कोणते हस्तलिखित काय म्हणते, कोणत्यात श्लोक अधिक आहे, कोणत्यात तो नाही. आणि स्वीकृत पाठातही जेथे संपादकाची खात्री नाही तेथे त्या अक्षरांखाली एक नागमोडी रेघ. १९३३ च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत सुखटणकरांनी आपल्या निवडीची तत्त्वे सविस्तर मांडली. म्हणजे वाचकाच्या हाती केवळ निर्णय दिला नाही, निर्णय तपासण्याची सामग्रीही दिली. परिणाम असा की फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांच्यासारखा जाणकार या पद्धतीशी मूलभूत मतभेद नोंदवू शकला : मूळ पाठाची पुनर्रचना करण्याच्या भरीस न पडता नीलकंठाचा प्रचलित पाठ छापून त्याला पाठभेद जोडावेत, असे त्याचे म्हणणे होते. हा आक्षेप बरोबर की चूक हा वेगळा प्रश्न. आक्षेप घेणाऱ्याच्या हातात आक्षेपाची साधने संपादकानेच ठेवली होती, हे महत्त्वाचे.

चिकित्सक आवृत्ती विश्वासार्ह आहे ती बिनचूक आहे म्हणून नव्हे, आणि तिच्यामागची माणसे थोर होती म्हणूनही नव्हे. आपल्या अनिश्चिततेची जागा ती दाखवते आणि आपल्याविरुद्धचा पुरावा ती स्वतःच छापते, म्हणून ती विश्वासार्ह आहे. गूगलच्या पडद्यावर नागमोडी रेघ नाही. यंत्राने अक्षर ओळखताना कोठे अंदाज केला, कोणती नोंद संशयास्पद आहे, दोन प्रतींतील कोणती प्रत आपल्यापुढे आहे आणि दुसरी का नाही, यांपैकी काहीही पृष्ठावर उमटत नाही. यंत्रणेला आपल्या शंका ठाऊक नसतात असेही नाही. अक्षर ओळखणारी यंत्रणा आपल्या प्रत्येक ओळखीला खात्रीचे कमीअधिक प्रमाण आतल्या आत जोडत असते. ते प्रमाण वाचकापर्यंत येत नाही, कारण शंका दाखवणारे पृष्ठ विक्रीयोग्य दिसत नाही.

५

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. आक्षेप असा : ज्या संस्थेचा आपण आदर्श म्हणून उल्लेख करता त्याच भांडारकर संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने हल्ला केला, ग्रंथांची आणि हस्तलिखितांची नासधूस केली. त्याच वर्षाच्या अखेरीस गूगलचा प्रकल्प जाहीर झाला. कागद जळतो, फाटतो, वाळवीला बळी पडतो. संस्था निधीअभावी खंगतात. शासनाचे प्रकल्प अर्ध्यावर राहतात. भारतातील डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सार्वजनिक प्रकल्पाने लाखो पुस्तके स्कॅन केली खरी, पण त्यांत पाने गाळलेली, उलटी लागलेली, नावे चुकलेली पुस्तके विपुल, आणि त्यांतील पुष्कळ पुस्तके आज वाचकाला मिळतात ती परदेशी इंटरनेट अर्काइव्हवर उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे. अशा स्थितीत एका सधन कंपनीने प्रती करून ठेवल्या तर बिघडले कोठे?

आक्षेपातील तथ्ये मला मान्य आहेत. अनेक ठिकाणी प्रती असणे हे मूल्य आहे, आणि सार्वजनिक संस्था आपोआप विश्वासार्ह ठरत नाही, हेही खरे. पण त्यातून निष्पन्न होते ते कंपनीची गरज. कंपनीचा भरवसा नव्हे. कंपनीचे वचन तिच्या हिताइतके टिकते, आणि हे मत नसून घडलेला इतिहास आहे. मायक्रोसॉफ्टनेही पुस्तके स्कॅन करण्याचा प्रकल्प चालविला होता. साडेसात लाख पुस्तके झाल्यावर मे २००८ मध्ये तो बंद केला. गूगलने जुन्या वृत्तपत्रांचे स्कॅनिंग २०११ मध्ये थांबविले. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादावरून ग्राहकांच्या किंडलवरील काही पुस्तके दुरूनच पुसून टाकली. ती पुस्तके जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ होती. कंपनीच्या प्रमुखाने नंतर क्षमा मागितली. २०१९ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टचे ई-पुस्तकांचे दुकान बंद झाले आणि विकलेली पुस्तके उघडेनाशी झाली. किंमत परत मिळाली. ज्यांनी पुस्तकात टिपणे केली होती त्यांना २५ डॉलर अधिक मिळाले. वाचकाने समासात लिहिलेल्या विचाराचा हा बाजारभाव सरसकट एकच होता.

याउलट मिशिगन विद्यापीठाकडे पाहावे. सार्वजनिक विद्यापीठ असल्याने त्याचा गूगलशी झालेला करार २००५ मध्ये लोकांसमोर आला. त्यात स्कॅन झालेल्या प्रत्येक पुस्तकाची एक डिजिटल प्रत ग्रंथालयाला मिळेल, असे कलम होते. याच प्रतींच्या बळावर २००८ मध्ये अनेक ग्रंथालयांनी मिळून हाथीट्रस्ट ही सामायिक मालकीची संस्था उभारली. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे तत्कालीन अध्यक्ष झाँ-नोएल जाननेय यांनी २००५ मध्येच पुस्तक लिहून एका कंपनीच्या क्रमवारीत युरोपच्या भाषांचे काय होईल असा प्रश्न विचारला, आणि २००८ मध्ये युरोपियाना हा सार्वजनिक संग्रह सुरू झाला. रॉबर्ट डार्न्टन यांनी हार्वर्डच्या ग्रंथालयाचे संचालक असताना तडजोडीला विरोध केला आणि २०१३ मध्ये अमेरिकेचे डिजिटल सार्वजनिक ग्रंथालय अस्तित्वात आले. या मंडळींनी गूगलवर बहिष्कार घातला नाही आणि त्याची आरतीही केली नाही. त्यांनी अटी घातल्या.

पर्याय नसल्यामुळे निर्माण होणाऱ्या सवयीला विश्वास म्हणण्याची चूकही आपण करू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये न्या. अमित मेहता यांनी गूगलने शोधयंत्राच्या क्षेत्रातील एकाधिकार बेकायदा मार्गांनी टिकविला, असा निकाल दिला. दूरध्वनीवर आणि संगणकावर आपलेच शोधयंत्र आपोआप पुढे यावे म्हणून कंपनीने एकट्या २०२१ मध्ये २,६०० कोटींहून अधिक डॉलर इतरांना दिल्याचे त्या खटल्यात उघड झाले. ज्याला खरोखरच सर्वांचा विश्वास लाभला आहे त्याला पहिल्या जागेसाठी एवढी किंमत मोजावी लागत नाही.

६

या साऱ्यात मराठीचा संबंध काय, असे विचारले जाईल. संबंध बराच जुना आहे आणि तो गव्हापासून सुरू होतो. अमेरिकेच्या १९५४ च्या पब्लिक लॉ ४८० या कायद्याखाली भारताने धान्य घेतले आणि त्याची किंमत रुपयांत चुकती केली. त्या रुपयांतील काही भाग १९६२ पासून भारतीय पुस्तके विकत घेण्यासाठी खर्च झाला. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्लीतील कार्यालयामार्फत मराठी कथा, कादंबऱ्या, कवितासंग्रह, नियतकालिके अमेरिकेतील विद्यापीठांकडे रवाना होऊ लागली. मराठीच्या एखाद्या कादंबरीची पहिली आवृत्ती महाराष्ट्रातील तालुक्याच्या वाचनालयात रद्दीत गेली असेल आणि शिकागोत सुस्थितीत असेल, अशी शक्यता त्यामुळेच निर्माण झाली. पुढे याच संग्रहांच्या मालक विद्यापीठांनी गूगलशी करार केले.

म्हणजे पुण्यात छापलेले पुस्तक गव्हाच्या रुपयांतून अमेरिकेत गेले, तेथे स्कॅन झाले, आणि आज पुण्यातील विद्यार्थ्याला ते दिसते ते चार ओळींच्या तुकड्यात. तेही नाव बरोबर टाकता आले तर. अमेरिकी ग्रंथालयांच्या लिप्यंतरपद्धतीत मराठीतील न उच्चारला जाणारा अकारही लिहिला जातो. ‘रणांगण’ हे शीर्षक रोमन लिपीत अंत्य ‘अ’सह नोंदविले जाते. ही पद्धत ज्याला ठाऊक नाही त्याच्या लेखी ते पुस्तक तेथे नसतेच. एनग्रॅमच्या भाषांत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन, चिनी, हिब्रू या होत्या. मराठी तर नव्हतीच, पण कोणतीही भारतीय भाषा नव्हती. संस्कृतीच्या त्या नव्या विज्ञानात आपली संस्कृती मोजमापाच्या बाहेर राहिली. मापात येणे चांगले की न येणे चांगले, हा निराळा प्रश्न. पण हा निर्णय आपण घेतला नाही, एवढे खरे.

प्रताधिकाराचा प्रश्नही याच प्रकारचा. भारतीय कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी लेखन मुक्त होते. अमेरिकेत जुन्या पुस्तकांची मुदत प्रकाशनापासून ९५ वर्षे मोजतात. अमेरिकेबाहेरच्या वाचकांसाठी हाथीट्रस्ट सावधगिरी म्हणून याहून जुन्या काळाची मर्यादा लावतो. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये वारले. त्यांचे लेखन भारतात केव्हाच मुक्त झाले आहे. तरीसुद्धा त्यांच्या पुस्तकाची विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील एखादी प्रत तेथे स्कॅन झालेली असल्यास ती अ‍ॅन आर्बरच्या वाचकाला उघडावी आणि पुण्याच्या वाचकाला उघडू नये, अशी या नियमांची रचना आहे. हा नियम कंपनीचा नाही, ग्रंथालयांच्या संस्थेचा आहे, हे मी मुद्दाम नोंदवतो. परंतु तो लिहिलेला आहे, प्रसिद्ध आहे, आणि तो चुकीचा लागला असल्यास फेरतपासणीची विनंती करता येते. कंपनीने एखादे पुस्तक काल पूर्ण दाखवले आणि आज तुकड्यात दाखवले, तर विनंती नेमकी कोणाला करायची? अन्यायकारक असला तरी लिहिलेल्या नियमाशी भांडता येते. न लिहिलेल्या मर्जीशी भांडता येत नाही.

७

आतापर्यंतच्या अवस्थेत निदान पानाचे चित्र तरी समोर येत होते. मे २०२४ पासून गूगलने शोधाच्या उत्तरांच्या वर यंत्राने रचलेला सारांश द्यायला सुरुवात केली. भाषेची ही नवी यंत्रे पुस्तकांवरच पोसली गेली आहेत. अँथ्रॉपिक या कंपनीने लक्षावधी छापील पुस्तके विकत घेऊन, त्यांचे पुठ्ठे कापून, स्कॅन करून कागद टाकून दिला, असे अमेरिकेतील एका खटल्याच्या जून २०२५ मधील निकालात नोंदलेले आहे. न्या. विल्यम अल्सप यांनी हे आणि यंत्राचे प्रशिक्षण न्याय्य वापरात बसवले. चोरट्या संग्रहांतून उतरवलेल्या सत्तर लाखांहून अधिक प्रती साठवणे मात्र त्यांनी बसवले नाही, आणि त्यानंतर कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. कायद्याचा निर्णय कायद्यापुरता. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की या टप्प्यावर साक्षीदारच नाहीसा होतो. तुकड्याच्या मागे एक पान होते, पानामागे एक प्रत होती, प्रतीमागे एक ग्रंथालय होते. यंत्राच्या सारांशामागे यांपैकी काय आहे हे वाचकाला सांगता येत नाही. आप्ताची पहिली अट, वस्तूचे साक्षात ज्ञान, येथे नुसती मोडत नाही. ती विचारण्याची सोयच उरत नाही.

म्हणून प्रश्न कंपन्या चांगल्या की वाईट हा नाही. तो प्रश्न नीतीच्या तासाला सोडावा. प्रश्न आपल्या अभ्यासशिस्तीचा आहे. ज्या विद्यापीठीय विभागांत पाठचिकित्सेचा अभ्यासक्रम गेल्या काही वर्षांत मागे पडत गेला, त्याच विभागांत संशोधनाची सारी भिस्त ज्याचा पाठ तपासता येत नाही अशा साधनावर ठेवली जाते, ही योगायोगाची गोष्ट नव्हे. पाठाविषयी शंका घेण्याची सवय गेली, तेव्हाच पडद्यावरील पाठ प्रमाण झाला.

उपाय अवघड नाहीत, मात्र ते कंपनीकडून येणार नाहीत. ज्या पुस्तकाचा आधार घेतला त्याच्या शीर्षकपृष्ठाचे चित्र तरी पाहिले आहे, आणि कोणती आवृत्ती, कोणत्या संग्रहातील प्रत पाहिली, हे प्रबंधात लिहिणे बंधनकारक करावे. ज्या शब्दगणतीमागील पुस्तकांची यादी उपलब्ध नाही ती पुरावा म्हणून स्वीकारू नये. सूचक म्हणून वापरावी. पडद्यावरील तुकडा हा ग्रंथाकडे नेणारा पत्ता आहे, ग्रंथ नव्हे, हे विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात सांगावे. महाराष्ट्रातील ज्या संस्था आपले संग्रह स्कॅन करण्यासाठी कोणाशीही, खासगी कंपनीशी किंवा शासनाशी, करार करतील, त्यांनी तो करार प्रसिद्ध करावा आणि प्रत्येक प्रतीची प्रत स्वतःजवळ ठेवण्याचे कलम त्यात घालावे. मिशिगनने एका कलमाने जे मिळवले ते आपण कलमाअभावी गमावू नये.

या मागण्या मान्य झाल्या तर गूगलचे मूल्य कमी होणार नाही. उलट त्याचा उपयोग अधिक नेमकेपणाने करता येईल. कंपनी आपल्या शंकेखाली रेघ ओढणार नसेल, तर ती ओढण्याचे काम अभ्यासकाचे आहे. पुण्यात शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हस्तलिखिताच्या अक्षराअक्षरावर अविश्वास दाखवून एक विश्वासार्ह ग्रंथ उभा केला, त्यांच्याकडून आपण निदान तेवढी नागमोडी रेघ उचलावी.